झाकण

सुरुवात काळ्या डावापासून झाली.
तव्याबरोबर फुकट आलेला,
नऊ वर्षं आमटी ढवळून
कड उंदरानं कुरतडल्यासारखी झालेली.
ओवीनं विचारलं, इथला तुकडा कुठे गेला गं?
मी म्हटलं, कुठे जाणार?
आणि तशीच थांबले.
आमटीला उकळी फुटत होती.

त्या रात्री सगळी कपाटं उघडली.
दह्याचे डबे, आइस्क्रीमचे,
डेट्रॉइटहून आणलेल्या श्रीखंडाचे,
हळदीनं कायमचे पिवळे पडलेले,
आणि कुठल्याच डब्याला न बसणारी
अठरा झाकणं.
मोजली.
मोजून परत होती तिथे ठेवली.

हेरंब झाकणांचे आटे काढतो.
म्हणजे नोकरीच ती आहे त्याची.
किती फेऱ्यांत बसावं,
म्हाताऱ्या हातांना उघडावं, पोरांच्या हातांना नाही,
एका झाकणामागे किती दशांश ग्रॅम वाचावा.
वाचलेल्या त्या दशांशांतून हे घर,
ओवीचं व्हायोलिन,
माझं रूट कॅनाल.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मिठातही निघालंय म्हणे, मी म्हटलं.
तो हसला नाही.
मायक्रोवेव्हमधला डबा बाहेर काढला
आणि पातेलं शोधू लागला,
स्वतःच्याच घरात, पाहुण्यासारखा.

टोलीडोला काचेचं गाव म्हणतात.
चांगली काच आता संग्रहालयात, दिव्यांखाली.
आणि थोडी डोलोरेसबाईंच्या तळघरात.
शेजारीच राहतात, एकट्या.
बत्तीस वर्षं फॅक्टरीत
उजेडासमोरून सरकणाऱ्या बरण्या पाहात बसायच्या,
बुडबुडा दिसला की ती बाजूला.
बाजूला काढलेल्याच तेवढ्या घरी न्यायला मिळायच्या,
म्हणाल्या, आणि दिवा लावला.
भिंतभर बरण्या. एकीत बिटाचा वाळका डाग.
घेऊन जा सगळ्या.
झाकणं गंजली. असती तरी
ह्या बोटांना कुठली उघडायला.

जिन्याच्या खाली पाण्याच्या बाटल्या,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, छातीइतकी थप्पी.
सरोवर हिरवं झालं होतं बघ त्या ऑगस्टमध्ये,
नळाचं पाणी उकळूनसुद्धा पिऊ नका म्हणाले,
तेव्हापासून नळाला तोंड लावलं नाही मी.
मी काही बोलायच्या आत
त्यांनी एक बाटली घेतली,
वाकड्या झालेल्या दोन बोटांनी
झाकण फिरवलं.
टक्.
उघडलं.
माझ्यापुढे धरली.
मी प्यायले.

घरी बरण्या सोड्यानं धुतल्या, तीन पाण्यांनी.
वन्संचं मेतकूट आलं होतं साताऱ्याहून,
पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी,
वर चिकटपट्टीचे एवढे वेढे
की सुरी आणावी लागली.
मेतकूट बरणीत गेलं.
पिशवी झटकली, कोपऱ्यात पिवळी धूळ राहिलीच.
नाकाशी धरली,
हिंगाच्या आड थोडी त्यांच्या देवघरातली उदबत्ती.
कचऱ्याचा डबा पायानं उघडून
उभी राहिले तशीच,
मग घडी घालून ड्रॉवरमध्ये.
हेही माझंच घर.

तोवर ओवी एक बरणी खिडकीशी नेऊन
एक डोळा मिटून बघत होती.
आई, हिच्यात बुडबुडा आहे!
आत काय असेल?
हवा, मी म्हटलं. जुनी.
म्हणजे कधीची?
डोलोरेस आजींना विचार.

रात्री जेवणं झाल्यावर
हेरंबनं ऑफिसच्या बॅगेतून कॅलिपर काढला.
बरणीचं तोंड मोजलं, आडवं, मग उभं,
अंगठ्याचं नख आट्यावरून हळू फिरवलं,
कुणाची तरी सही वाचावी तसं.
हे माप आता कुणी करत नाही, म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं,
मी देतो करून झाकण.

कशाचं? मी विचारलं.

तो पुन्हा पहिल्यापासून
आटे मोजू लागला.